पहिल्या पावसाचे पाणी कोणाचे?

ज्या गावाच्या नावातच सडक आहे, त्या गावाच्या पाण्याचा विचार सडकेपासून सुरू करणे रास्त होय. मुंबई-कोलकाता हमरस्त्यावरचे अर्जुनी म्हणून सडक अर्जुनी. पलीकडच्या अर्जुनी मोरगावपासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून पडलेले हे नाव. हा रस्ता जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च आहे; सरकारी कागदांत त्याचा क्रमांक ५३ झाला त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. पावसाळा संपल्यापासून आठ महिने या रस्त्यावर मालमोटारींचे तेल ठिबकत असते, टायरांची झीज बारीक भुकटी होऊन पसरत असते, ढाब्यांचे खरकटे आणि प्लॅस्टिक कडेला साचत असते. मृगाची पहिली दमदार सर कोसळली की तासाभरात हे सगळे धुऊन निघते, आणि रस्ता कसा लख्ख झाला असे आपण म्हणतो. रस्त्यावरचे ते सगळे कोठे गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हिशेब अवघड नाही. चौपदरी रस्त्याचा एक किलोमीटर घ्यावा, डांबराची रुंदी वीस मीटर धरावी. त्यावर केवळ दहा मिलीमीटर पाऊस पडला, तरी दोन लाख लिटर पाणी होते. डांबरात ते मुरत नाही. कडेच्या नालीत उतरते, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून तलावात किंवा चुलबंद नदीत, आणि चुलबंदीतून वैनगंगेत. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातले सारेच पाणी सारखे घाण नसते. सर्वांत दूषित असते ते पहिले पाणी. आठ महिन्यांची साठवण ते एका फटक्यात घेऊन जाते. नंतरचे पाणी त्या मानाने निवळ असते. म्हणजे वर्षभराच्या घाणीचा मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत वाहतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तलावात पाणी तळाला गेलेले असल्यामुळे ती पातळ करायलाही काही उरलेले नसते.

रस्त्यापाशी थांबून भागणार नाही. तालुक्याच्या गावांची ग्रामपंचायत गेली आणि नगरपंचायत आली, तेव्हापासून पूर्व विदर्भातील अशा सगळ्याच गावांमध्ये विकासाचे एक ठरीव चित्र दिसते: बोळ सिमेंटचा, त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटची नाली, आणि नालीचे तोंड जवळच्या तलावात किंवा नाल्यात. पूर्वीच्या कच्च्या वाटेवर निम्मेअधिक पाणी जागीच जिरे. उरलेले गवतातून, झुडपांतून वाट काढीत, गाळ आणि काडीकचरा मागे टाकीत तलावापर्यंत पोचे. आता ते थेट पोचते, वेगाने पोचते, आणि आठवडी बाजाराचा कचरा, गॅरेजच्या दारातले काळे तेल, गोठ्यांचे शेण, राईस मिलच्या मागे पडलेली धानाच्या तुसाची राख असे सगळे बरोबर घेऊन पोचते. ज्या कामाला आपण सांडपाण्याची व्यवस्था म्हणतो, ती पुष्कळदा घाण तलावापर्यंत विनाविलंब पोचविण्याची व्यवस्था असते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे की अशा नाल्यांच्या भूमिपूजनाला आपल्या पक्षाचे साथीही हार घालून उभे राहिलेले आहेत.

गावाबाहेर धानाच्या बांध्या आहेत. रोवणीनंतर युरिया टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी मोठा पाऊस होऊन बांधी धुऱ्यावरून वाहू लागली, तर टाकलेल्या खताचा मोठा वाटा पाण्याबरोबर जातो. एरवीही धानाचे पीक दिलेल्या नत्रातील साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक एवढेच घेऊ शकते. बाकीचे हवेत उडते, जमिनीत झिरपते किंवा वाहून जाते. स्फुरद पाण्यात फारसा विरघळत नाही, तो मातीच्या कणांना धरून राहतो. म्हणून जेथे माती वाहते तेथे स्फुरदही वाहतो. ही दोन्ही खते तलावात पोचली की तेथेही पीक काढतात. ते पीक शेवाळाचे असते. पाणी हिरवेगार होते, शेवाळ मरते, कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. रात्रभर प्राणवायू घटत जातो आणि पहाटे सर्वांत कमी होतो. तेव्हा मासे तोंड वर काढून हवेसाठी धडपडताना दिसतात. तलावाच्या पाळीवर भेटलेल्या एका वृद्ध ढिवराने मला सांगितले, की पूर्वी पहिल्या पावसाने त्याच्या घरी आनंद होई, आता त्या रात्री त्याला झोप लागत नाही.

शेतकऱ्याला येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. २०१० साली केंद्र सरकारने खतांना अन्नद्रव्यांनुसार अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा युरियाला त्यातून वगळले. परिणामी स्फुरद आणि पालाशाची खते महाग झाली, युरिया स्वस्त राहिला. दोन एकरांचा धनी जे स्वस्त तेच जास्त टाकणार. किमतीच सरकारने चुकीच्या दिशेने बांधून ठेवल्या असताना शेतकऱ्याला संतुलित खतांवर व्याख्यान देणे हा ढोंगीपणा होय.

वाहत्या पाण्याकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले आहे, की डोंगरावरची पाने, फुले, मेलेल्या जनावरांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतकऱ्याच्या जमिनीत येई, आणि सरकारच्या जंगलखात्याने ती वाट बंद केली. जागोजागी तालीबंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे, अशी त्यांची मागणी होती. फुल्यांच्या लेखी पावसाचे वाहते पाणी ही शेतकऱ्याची ठेव होती. आज तेच पाणी त्याच उतारावरून येते, पण ते काय घेऊन येते हे आता डोंगर ठरवीत नाही. ते हमरस्ता ठरवितो, खताचे कारखाने ठरवितात, नालीचे अंदाजपत्रक करणारा अभियंता ठरवितो. पाणी उतारावर राहणाऱ्यांचे असते आणि सखल भागात राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. वर्गभेदाला एवढा बिनचूक भूगोल दुसरीकडे क्वचितच सापडेल.

येथील तलावांचा इतिहास पक्षाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तरी त्यातली एक गोष्ट आपण सोयिस्करपणे विसरलो आहोत. पूर्व विदर्भात सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्यांनी यांपैकी पुष्कळ बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. (माती वाहणाऱ्या हातांची नावे परंपरेत नाहीत.) पुढे मालगुजार आले, आणि तलाव त्यांचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. तो कायदा न्याय्य होता, आणि समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच केले. याच भंडारा भागाने १९५४ सालच्या पोटनिवडणुकीत अशोक मेहतांना लोकसभेत पाठविले. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला. पण मालगुजारी गेल्यानंतर तलाव कोणाचा, याचे उत्तर आपण 'सरकारचा' असे दिले आणि गप्प बसलो. मालगुजार स्वार्थापोटी का होईना, तलावाचा पाणलोट राखीत असे, कारण तलाव आटला तर त्याचा ऊस आणि धान जाई. सरकारचे असे काहीच जात नव्हते. तलाव मालगुजाराकडून गावाकडे यायला हवा होता, तो खात्याकडे गेला. जमीनदारी नष्ट करण्याचे अर्धे काम आपण पूर्ण समजलो.

खातेही एक नाही. लहान तलावांचे सिंचन जिल्हा परिषदेकडे. मासळी ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे, ठेक्याने. तलावात येणारी नाली नगरपंचायतीची. वरचा हमरस्ता केंद्राच्या महामार्ग यंत्रणेचा. पाणलोटातली जमीन कोठे महसूल खात्याची, कोठे वनखात्याची, कोठे झुडपी जंगल म्हणून दोघांच्या वादात अडकलेली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत असे झुडपी जंगल ८६ हजार हेक्टरांवर आहे. ते वनच आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. 'विकास अडला' अशी हाकाटी झाली ती पुढाऱ्यांकडून आणि जमिनीच्या व्यवहारात असलेल्यांकडून. वस्तुतः हीच गवताळ, काटेरी, पडीक समजली जाणारी जमीन तलावाची गाळणी आहे. तिच्यावर इमारत उभी राहिली की इमारतीचे पाणी आणि गाळणीअभावी येणारा गाळ, असे दुहेरी नुकसान होते.

मग कायदा काय करतो? महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा देशाच्या आधी, १९६९ साली केला. केंद्राचा कायदा १९७४ चा. दोन्ही कायद्यांच्या डोळ्यांसमोर होता कारखान्याचा पाइप. पाइपाला मालक असतो, त्याला नोटीस देता येते, खटला भरता येतो. पावसाने हजार अंगणांतून, शंभर बांध्यांतून आणि एका हमरस्त्यावरून धुऊन आणलेल्या घाणीला मालक नाही. २०१७ च्या पाणथळ क्षेत्रांच्या नियमांकडे काही पर्यावरणवादी मित्र आशेने पाहतात. पण त्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी माणसाने बांधलेली जलाशये वगळलेली आहेत. म्हणजे ज्या तलावाने दोन-तीनशे वर्षे पक्षी, मासे, कमळ आणि देवधान पोसले, तो केवळ कोणा कोहळ्याने धानाच्या ओलितासाठी बांधला म्हणून संरक्षणाच्या बाहेर! अमेरिकेने १९७२ मध्ये पाण्याचा कायदा केला. पावसाळी गटारांचे पाणी परवान्याच्या कक्षेत आणायला तेथेही १९८७ साल उजाडावे लागले, आणि तेव्हासुद्धा शेतांतून वाहणारे पावसाचे पाणी बाहेरच ठेवण्यात आले.

त्याच देशातून अलीकडे आलेली एक माहिती आपल्या हमरस्त्याशी संबंधित आहे. वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की शहरालगतच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरत. अनेक वर्षे कारण सापडेना. २०२० साली संशोधकांनी ते शोधून काढले: टायर टिकावे म्हणून रबरात घातले जाणारे एक रसायन हवेतील ओझोनशी संयोग पावते, त्यापासून विषारी द्रव्य तयार होते, आणि रस्त्यावरची टायरची भुकटी पावसाबरोबर ओढ्यात उतरली की तेच द्रव्य माशांना मारते. सामन आपल्या तलावांत नाही. टायर आहेत.

अर्थशास्त्राच्या वर्गात मी अनेक वर्षे 'बाह्य खर्च' ही संकल्पना शिकविली. पिगूने १९२० च्या ग्रंथात ती मांडली, आणि उत्पादकावर तेवढा कर बसवावा म्हणजे हिशेब जुळेल असे सुचविले. पण ज्या वर्षी आपल्याकडे मालगुजारी-निर्मूलनाचा कायदा झाला त्याच वर्षी, १९५० साली, कार्ल विल्यम कॅपचा खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावरचा ग्रंथ आला. आणि तो मला नेहमीच अधिक खरा वाटत आला आहे. कॅपचे म्हणणे असे, की आपला खर्च दुसऱ्यांवर ढकलणे हा बाजारव्यवस्थेतला चुकून झालेला अपघात नव्हे. नफा त्यावरच उभा असतो, आणि खर्च त्यांच्यावरच ढकलला जातो ज्यांना तो नाकारण्याची शक्ती नसते. मालवाहतूक स्वस्त आहे, कारण रस्त्यावर सांडलेल्या तेलाची किंमत वाहतूकदार देत नाही. ती ढिवर देतो, मरळ आणि शिंगी कमी मिळून. ती त्याची बायको देते, बाजारात टोपली अर्धी नेऊन. संस्थेला ठेक्याची रक्कम मात्र पूर्णच भरावी लागते. पाणी कसे आहे याची नोंद ठेका देणारा घेत नाही.

उपाययोजनांच्या नावाने काय चालते तेही या दृष्टीने पाहावे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात आहे. गाळ काढणे वाईट नाही. बारीक गाळ शेतात गेला तर फुल्यांचीच कल्पना काही अंशी साकार होते. पण वरून येणारा गाळ आणि घाण न थांबविता खालून उपसत राहणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरण्याची उलटी रीत. यंत्र लावले की तासांचे बिल निघते. नाली बांधली की मीटरचे बिल निघते. गाळ येऊच नये म्हणून पाणलोटात गवत राखले, तर बिल कशाचे काढणार? गाळ काढण्यात कोणाचा तरी नफा आहे, तो न येऊ देण्यात कोणाचाच नाही. प्रतिबंधाला कंत्राटदार मिळत नाही, म्हणून त्याला अंदाजपत्रकही मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ येथे आहे. म्हणूनच हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, मालकीचा होतो. आणि तो सोडविणे आपल्यासारख्या पक्षाचे काम ठरते.

काही साथी म्हणतील, धानाला भाव नाही, तरुणांना काम नाही, आणि हे गुरुजी आम्हाला नालीच्या पाण्याचे सांगतात. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पर्यावरणाच्या नावाने होणारे पुष्कळ काम शहरी सुखवस्तूंच्या सहलीसाठी असते. पण मासा हे भूमिहीनाचे अन्न आहे, आणि शिंगाडा हे त्याच्या बायकामुलांचे रोख पैसे. धानाच्या भावाचा मोर्चा जमीन असलेल्याच्या प्रश्नासाठी निघतो. ज्याला जमीनच नाही त्याचे शेत तलाव आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस डॉ. लोहियांनी नद्यांची स्वच्छता हा राजकीय कार्यक्रम म्हणून मांडला, तेव्हाही पुष्कळांनी त्यांना हसून घेतले होते. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये, आणि कन्हानमधून वैनगंगेवरच्या गोसेखुर्द जलाशयात कशी उतरते, हे आज सगळेच बोलतात. महानगराची घाण डोळ्यांना दिसते. लहान गावांची घाण पावसात मिसळून जाते, एवढाच फरक.

काय करता येते, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ढिवर स्त्रीपुरुषांना बरोबर घेऊन मामा तलावांवर काम केले. बेशरमची झुडपे उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. मग मासे आले, पक्षीही आले. त्या कामाचे खरे भांडवल ढिवरांचे ज्ञान होते: कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे कोणत्याही खात्याच्या फायलीत लिहिलेले नव्हते. मात्र तलावाच्या आत एवढे करूनही, वरून येणारे पाणी संस्थेच्या हातात नाही. पाळीच्या आत तिची सत्ता, पाळीच्या बाहेर तिचा शब्द चालत नाही. तो चालला पाहिजे, ही आपली पहिली मागणी असावी. तलावात उतरणारी कोणतीही नाली, पाणलोटातले कोणतेही बांधकाम, मच्छीमार संस्थेच्या लेखी संमतीशिवाय मंजूर होऊ नये. गाव नगरपंचायत झाले की ग्रामसभा संपते, हे आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांच्या अजून ध्यानात आलेले नाही. ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा हक्क गेला आणि त्याची जागा नगरसेवकाच्या ओळखीने घेतली. क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या नगरपालिका कायद्यात आहे. ती कागदावरून वस्तीत आणण्यासाठी भांडावे लागेल.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. नालीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात तोंडाशी गाळकुंड आणि त्यापुढे गवताचा रुंद पट्टा धरलेला असावा. पाणी कुंडात थबकले की जड गाळ खाली बसतो, आणि त्याला धरून असलेला स्फुरद व तेलाचा काही भागही बसतो. कुंड दरवर्षी उपसले नाही तर ते निरुपयोगी होते, म्हणून उपसण्याची तरतूदही त्याच अंदाजपत्रकात हवी. नाल्या मे महिन्यातच साफ व्हाव्यात, आणि काढलेला मैला नालीच्या काठावर वाळत टाकून पहिल्या पावसाला परत आत जाऊ देण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे ती बंद व्हावी. गॅरेजवाल्यांकडून जळके तेल गोळा करण्याची सोय व्हावी. ते विकले जाते, त्यामुळे यात कोणाचे नुकसान नाही. युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, आभाळ भरून आले असता टाकू नये आणि टाकल्यावर काही दिवस बांधीचे पाणी सोडू नये, हे शेतकरी मेळाव्यात सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल, जेव्हा त्याच व्यासपीठावरून आपण खतांच्या किमतींचे धोरण बदलण्याची मागणी करू.

यातले काहीही कागद देऊन होणार नाही, याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. म्हणून तालुका शाखांना एक सुचवितो. मृग लागण्यापूर्वी आपापल्या गावच्या तलावाला पायी फेरी घालून, त्यात उघडणारी नाल्यांची तोंडे मोजून नकाशावर मांडावीत. पहिला मोठा पाऊस येईल त्या दिवशी, रात्र असली तरी, दोन कार्यकर्त्यांनी सर्वांत मोठ्या तोंडाशी जावे. पाणी वाहू लागताच पहिल्या पाव तासात एक काचेची बाटली भरावी, तासाने दुसरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. तिन्हींवर वेळ लिहावी. त्या बाटल्या घेऊन मच्छीमार संस्थेच्या सभासदांसह नगरपंचायतीच्या कचेरीत जावे, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर एका रांगेत ठेवाव्यात, आणि पहिल्या बाटलीचे बूच तेथेच उघडावे.